आयझूच्या वाटीचा परतीचा प्रवास

फुनाबोरी

मोरिवाकी सेन्सेईंनी ती वाटी माझ्या हातात ठेवली तेव्हा मला वाटलं, दिवाळीची भेट. मी "अय्या, किती सुरेख!" म्हणून मोकळी झाले आणि वाटी पिशवीत टाकायला निघाले. चार वर्षांत माझ्यावर एकदाही आवाज न चढवलेल्या त्या बाई चक्क कडक आवाजात म्हणाल्या, "वसुधा-सान, ती तुमची नाही. आणि माझीही नाही."

श्रीरंगच्या बँकेने त्याला तोक्योला पाठवलं आणि आम्ही फुनाबोरीत राहायला आलो, तेव्हा मला जपानीत फक्त 'धन्यवाद' येत होतं. वॉर्डाच्या सभागृहात दर गुरुवारी परदेशी लोकांसाठी फुकट वर्ग चालतो, तिथे मला या सेन्सेई, म्हणजे शिक्षिका, भेटल्या. वय एकोणऐंशी, गुडघे कामातून गेलेले, मूल-बाळ नाही. आज जे काही जपानी मी रेटून बोलते ते त्यांच्या कृपेने. माझ्या चुका मात्र माझ्या स्वतःच्या.

तर ती वाटी. तळहाताएवढी, उथळ, आतून-बाहेरून लाल लाखकामाची. आपल्या सावंतवाडीच्या कामासारखी झगमगीत नाही. हिचा लाल रंग शांत, खोल. पालथी केली की बुडाशी काळ्या रंगात एक छोटी खूण होती, डोंगरासारखी टोपी आणि खाली आडवी रेघ. मी लगेच ओळखलं. आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतो ना, तेच. ही कुठल्यातरी घरची वाटी होती आणि लग्नाकार्यात ती शेजारच्या वाट्यांत मिसळू नये म्हणून कुणीतरी ही खूण केली होती.

सेन्सेईंनी मग चहा करून सगळं सांगितलं. त्या मूळच्या यामागुचीच्या, जपानच्या पश्चिम टोकाच्या. त्या मुलखाचं जुनं नाव चोशू. दीडशेच्या वर वर्षं झाली, जपानात आपसांत युद्ध पेटलं. सम्राटाच्या नावाने लढणाऱ्या पश्चिमेच्या फौजा एकीकडे, त्यांत चोशूचे लोक सगळ्यांत पुढे. दुसरीकडे शोगुनशी, म्हणजे तोवर राज्य चालवणाऱ्या सेनापतीशी, इमान राखणारे उत्तरेचे सरदार, त्यांत आयझू सगळ्यांत चिवट. आयझूचा किल्ला महिनाभर वेढला, तोफांनी भाजून काढला, गाव जळलं, आणि मग सैनिकांनी घरं लुटली. सेन्सेईंचे पणजोबा त्या फौजेत होते. ते घरी आले तेव्हा त्यांच्या पडशीत ही वाटी होती.

"त्यांनी तीत कधी खाल्लं नाही," सेन्सेई म्हणाल्या. "कुणाला खाऊही दिलं नाही. वर्षातून एकदा बाहेर काढायचे, पुसायचे, परत ठेवायचे. मग आजोबांनी तेच केलं, मग वडिलांनी, मग मी. कुणी काही बोलायचं नाही. माझ्यानंतर ती जळणाऱ्या कचऱ्यात टाकायची की न जळणाऱ्या, एवढाच प्रश्न कुणालातरी पडेल."

"मग पाठवून द्या ना आयझूला!" मी म्हटलं.

"चोरीची वस्तू पोस्टाने परत करतात का?" त्या म्हणाल्या. एकदा त्यांनी तिथल्या कुठल्याशा कार्यालयात फोन केला होता. पलीकडच्या माणसाने अगदी साधं विचारलं, "आपण कुठून बोलताय?" आणि यांनी घाबरून फोन ठेवून दिला. मूळ यामागुचीच्या असल्याचं आयझूत सांगायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येत होतं. इकडची मुलगी तिकडे द्यायला अजून नाखूश असलेली घरं आहेत, म्हणतात.

"तुम्ही ना आमच्या, ना त्यांच्या," सेन्सेई म्हणाल्या. "तुम्ही न्याल? कुणीतरी आयझूच्या माणसाने ती हातात घ्यावी. बस्स, मला तेवढंच कळायला हवं."

हो म्हणण्यावाचून दुसरं काय म्हणणार? घरी आल्यावर श्रीरंगने डोक्याला हात लावला. "दीडशे वर्षं त्यांना जमलं नाही ते तू शनिवार-रविवार जोडून करणार?" म्हणाला. पण सोमवारची सुट्टी होती, डोंगर लाल झालेत असं टीव्हीवर दाखवत होते, आणि मुख्य म्हणजे त्याला रेल्वेने कुठेही जायला आवडतं. मी स्टीलच्या डब्यात बेसनाचे लाडू भरले. निशि-कासाईच्या भारतीय दुकानातलं बेसन, घरचं तूप, नुकताच झालेला फराळ. डबा माझ्या लग्नातला आहे, झाकणावर 'चि. सौ. कां. वसुधास आईकडून' असं कोरलेलं. वाटी फुरोशिकीत, म्हणजे इथल्या चौकोनी गाठोड्याच्या कापडात, आणि सोबत सेन्सेईंचं ब्रशने लिहिलेलं पत्र.

शनिवार, किल्ला

गाडीतून उजवीकडे बान्दाई पर्वत दिसतो. डोक्यावर नुकतंच पडलेलं बर्फ, कमरेला लाल-पिवळी झाडं, पायाशी कापणी झालेली भाताची खाचरं. श्रीरंगने फोटो काढायला कॅमेरा उचलला आणि तसाच खाली ठेवला. "राहू दे, नुसतं बघू," म्हणाला. हा माणूस हॉटेलच्या नाश्त्याचेही फोटो काढतो, त्यावरून काय ते समजा.

आयझू-वाकामात्सु स्टेशनवर आपलं स्वागत एक भला मोठा लाल बैल करतो. मान हलवत असतो, अगदी आपल्या नंदीबैलासारखी. गावभर त्याची छोटी खेळणी. मी त्याला विचारलं, "वाटी घेतील का रे बाबा?" त्याने मान हलवली. श्रीरंग म्हणाला, तो सगळ्यांना हेच सांगतो.

किल्ला मात्र बघतच राहावा असा. पांढऱ्याशुभ्र भिंती आणि वर लाल कौलं. जपानात मी बरेच किल्ले पाहिलेत, सगळे काळ्या-करड्या छपरांचे. हा एकटाच लाल. युद्धानंतर काही वर्षांनी तो पाडला होता, आताचा नव्याने बांधलेला आहे आणि आत सिमेंट आहे हे कळल्यावर जरा हिरमुसायला होतं. पण आत एक जुना फोटो लावलाय, वेढा उठल्यानंतरचा. भिंतींना जागोजाग भगदाडं, छप्पर खचलेलं, आणि तरी उभा. तो फोटो बघून परत बाहेर येऊन पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं की सिमेंट विसरायला होतं.

आतल्या पाट्या मी बोट ठेवून ठेवून वाचल्या. वर्गातल्या पुस्तकात ज्यांना 'सरकारी फौज' म्हटलंय, त्यांना इथे 'पश्चिमेची फौज' म्हणतात. एक शब्द, पण गावाने तो सोडलेला नाही. त्या महिनाभरात किल्ल्यातल्या बायका काय करत होत्या तर आत येऊन पडलेल्या तोफगोळ्यांवर ओल्या गाद्या टाकून ते फुटायच्या आत विझवत होत्या! त्यात काही जणी गेल्याच. आम्ही अजून खचलेलो नाही हे बाहेरच्यांना दिसावं म्हणून वेढ्यातून आकाशात पतंग उडवले. आणि शेवटी शरण जायची वेळ आली तेव्हा पांढरं निशाण करायला पांढरं कापडच उरलं नव्हतं, सगळं जखमा बांधण्यात संपलं होतं. बायकांनी चिंध्या जोडून निशाण शिवलं. शिवताना रडून रडून सुई दिसेना, असं सांगतात. मी तिथल्या बाकावर बसले आणि मला काही केल्या उठवेना.

श्रीरंगने पुढची पाटी वाचून मला हाक मारली. शरणागतीचा समारंभ एका लाल गालिच्यावर झाला. तो संपल्यावर आयझूच्या सरदारांनी त्या गालिच्याचे तुकडे कापले आणि एकेकाने एकेक तुकडा घरी नेला, हा दिवस विसरायचा नाही म्हणून. "म्हणजे बघ," तो हळू आवाजात म्हणाला, "हरलेल्यांनी गालिच्याचा तुकडा जपला आणि जिंकलेल्यांनी वाटी." माझ्या खांद्यावरच्या पिशवीचं वजन तेव्हा एकदम वाढल्यासारखं झालं.

दुपारी आम्ही एका छोट्या स्थानिक संग्रहालयात गेलो. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या तरुण बाईंची काही चूक नव्हती. त्यांनी पत्र वाचलं, वाटीला हातही न लावता ती तीन बाजूंनी पाहिली, आत जाऊन कुणालातरी विचारून आल्या आणि कमरेत वाकून माफी मागितली. वाटी कुठल्या घरची याचा कागद नाही, त्यामुळे घेता येणार नाही. अर्ज भरून द्या, समिती बसेल. मी म्हटलं, लुटीची पावती कुठून आणू? हे मनात म्हटलं. तोंडाने मी पण वाकले.

संध्याकाळी विस्तवाभोवती मातीत खोचलेल्या काड्यांवर भाजून मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, लेप लावलेल्या अळकुड्या आणि टोफू खाल्ले. श्रीरंग पक्का शाकाहारी, त्यामुळे जपानात त्याचं बहुतेक जेवण भात आणि आशा यांवर चालतं. इथे त्याने चार काड्या फस्त केल्या. माझा मात्र घास फिरत होता. सेन्सेई तिकडे फोनशेजारी बसल्या असणार.

रविवार, नानोकामाची

लाखकामाची वस्तू, तर लाखकाम करणाऱ्यांना विचारावं, ही अक्कल सकाळी सुचली. नानोकामाची नावाच्या जुन्या रस्त्यावर अशी दुकानं आहेत. निघण्यापूर्वी हॉटेलच्या खोलीत मी वाटी पुसायला काढली आणि माझा हात थबकला. कुणाचं भांडं परत करायला निघालो आहोत आणि ते रिकामं? आमच्या घरी हे कधी चाललं नसतं. शेजारणीची वाटी परत द्यायची तर तीत चिमूटभर का होईना, साखर घालायची. मी डबा उघडला आणि एक लाडू वाटीत ठेवला.

श्रीरंग किंचाळायचाच राहिला. "अगं, दीडशे वर्षांची वस्तू! तुपाचा डाग पडेल!"

"पडू दे," मी म्हटलं. गाठ मात्र जपून बांधली.

तिसऱ्या दुकानात आम्हाला होशी-सान भेटल्या. दुकान आता त्यांची सून युकिको-सान चालवते. सासूबाई मागच्या माजघरात शेगडीजवळ बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवतात. वय चौऱ्याऐंशी, पाठ वाकलेली, डोळे चिमणीसारखे चपळ. बोलणं गावाकडचं, त्यामुळे वर्गातलं माझं जपानी अर्ध्यावर लंगडायचं आणि युकिको-सान पुन्हा सोपं करून सांगायच्या. मी आधी इकडचं तिकडचं बोलले. दुकान जुनं आहे का? तर म्हणाल्या, घर मागच्या युद्धात जळलं, नंतर पुन्हा बांधलं. मी बॉम्बविमानांबद्दल हळहळ व्यक्त केली. त्यांनी हात झटकला. "ते नाही हो, ते तर परवाचं. त्याच्या आधीचं."

मग मी पत्र दिलं. त्यांनी चष्मा लावला, वाचायला सुरुवात केली, आणि चौथ्या-पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिथे यामागुची लिहिलेलं होतं, मला दिसत होतं. चेहरा असा मिटला, जसं घराचं दार लावून घ्यावं. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं, व्यवस्थित घडी केली आणि माझ्यासमोर परत सरकवलं.

"मी ही घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "माझी नाही. ही खूण कुठल्या घरची, मला माहीत नाही. ते घर जळलं असेल. माणसं मेली असतील, नाहीतर उत्तरेला हाकलली गेली असतील. ज्यांची आहे ते नाहीत. मी कोण घेणारी?"

युकिको-सान खाली मान घालून बसल्या. मी श्रीरंगकडे पाहिलं, तो चहाच्या पेल्याकडे पाहत होता. आता वाटी परत फुनाबोरीला न्यायची आणि त्या म्हाताऱ्या बाईंना सांगायचं की घेतली नाही. जपानीत अशा वेळी काय बोलायचं हे सेन्सेईंनी शिकवलं नव्हतं. मी नुसती गाठ सोडली आणि वाटी पुढे केली, निदान बघा तरी म्हणून.

होशी-सान वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या, पण वाटीकडे नाही. "हे काय?" त्यांनी लाडवाकडे बोट दाखवलं.

मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. वाईट दिसतं. म्हणून गोड घातलंय. डाग पडला असेल तर माफ करा.

"ओ-उत्सुरी," त्या म्हणाल्या.

युकिको-साननी मला समजावलं. पूर्वी जपानातही शेजाऱ्याचं भांडं परत देताना त्यात काहीतरी ठेवायचे. घोटीव कागद, काडेपेटी, मूठभर कडधान्य. त्यालाच हे नाव. आता कुणी करत नाही, त्यांच्या आईने केलेलं त्यांना आठवतं. "सासूबाई अजून करतात," त्या हसून म्हणाल्या. "मी शेजारी डबा रिकामा दिला की ओरडतात."

मी थक्क झाले. इतक्या लांब, समुद्रापलीकडे, या बर्फाच्या गावात माझ्या आईचीच शिस्त! होशी-साननी लाडू उचलला, दोन तुकडे केले, एक सुनेला दिला आणि एक स्वतः खाल्ला. सावकाश चावून झाल्यावर मग त्यांनी वाटी हातात घेतली. बोट फिरवलं, उजेडात धरली आणि एकदम रागावल्या.

"दीडशे वर्षं हिच्यात काही वाढलं नाही? कपाटात ठेवली? लाखेच्या भांड्याला वापर लागतो, पाणी लागतं, हात लागतो! कोरडी पडलीय बिचारी. ही कोझुयूची वाटी आहे, जेवायची वस्तू!"

रागावल्या होत्या सेन्सेईंच्या सगळ्या घराण्यावर, पण तो राग आता निराळा होता. घासायला टाकलेल्या कढईला चरे पाडल्यावर सासू मोलकरणीवर रागावते तशातला.

कोझुयू म्हणजे आयझूचं सणासुदीचं सार. वाळवलेले शिंपले रात्रभर भिजवावे लागतात, म्हणून त्यांनी आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं. "बाहेर जेवून येऊ नका." वाटी त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून स्वतःजवळ ठेवली. रस्त्यावर आल्यावर श्रीरंगने विचारलं, "म्हणजे घेतली की नाही?" मला सांगता येईना. सेन्सेईंना फोन करायचं धाडसही झालं नाही.

सोमवार, आमिदाजी

उरलेल्या लाडवांचा डबा घेऊन आम्ही पोचलो तेव्हा दोघी सासू-सुना गडद रंगाच्या किमोनोत तयार होत्या. होशी-सानच्या हातात वाटी होती, काठोकाठ भरलेली. रात्रभर ओल्या फडक्यात राहून तिच्यावर अशी झळाळी आली होती की मला क्षणभर ती दुसरीच वाटली. आत पारदर्शक सार, त्यात अळकुडीच्या फोडी, गाजर, काळे मशरूम आणि गव्हाच्या सत्त्वाचे फुगलेले हलके मणी. "आधी चला," त्या म्हणाल्या.

याच रस्त्यावर आमिदाजी देऊळ आहे. तिथे युद्धात पडलेल्या आयझूच्या लोकांची एकत्र समाधी आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची ती वाकलेली बाई रस्त्याच्या कडेने हातात भरली वाटी घेऊन एकेक पाऊल टाकत चालली होती आणि आम्ही तिघं मागे. मी दोनदा "मी धरू का?" म्हटलं. त्यांनी ऐकलंच नाही. एक थेंब सांडला नाही. समाधीच्या दगडापुढे त्यांनी वाटी ठेवली, उदबत्ती लावली, हात जोडले. नैवेद्य दाखवणं मी जन्मभर पाहत आलेय, पण लुटून नेलेल्या भांड्यात, ज्यांच्याकडून ते नेलं त्यांना, दीडशे वर्षांनी नैवेद्य? माझे डोळे वाहायला लागले. श्रीरंगही चष्मा पुसत होता. आपल्याकडे पानिपत म्हटलं की अजून आवाज खाली येतो. तिथून नेलेली एखादी वाटी कुणी उद्या माझ्या दारात आणून दिली तर मी हे करू शकेन का, कुणास ठाऊक.

होशी-सान उठल्या आणि दगडाकडे बघत म्हणाल्या, "आम्हाला लहानपणी शिकवलं, यांना पुरूही दिलं नाही. हिवाळाभर प्रेतं तशीच होती. आजी हे सांगताना थरथरायची. मग काही वर्षांपूर्वी एक जुना कागद सापडला. त्यात लिहिलंय की पुष्कळांना लवकरच पुरलं होतं." "कागद खरा असेल. पण आजीचा राग मी कुठे ठेवू? तो कुठल्या पेटाऱ्यात मावतो?"

आम्ही चौघं उदबत्ती संपेपर्यंत उभे राहिलो.

घरी येऊन वाटीतलं सार पुन्हा गरम झालं आणि जेवायला बसलो. श्रीरंगसाठी युकिको-साननी समुद्री पाल्याच्या पाण्यात वेगळं केलं होतं. मी मासे खाणारी, मला अडचण नव्हती. त्या लाल वाटीत पहिली वाढ होशी-साननी स्वतः खाल्ली. मग वाटी धुवायला न पाठवता तीतच पुन्हा वाढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. "कोझुयू कितीही वेळा मागावं. ही तुमच्या सेन्सेईंची."

मी खाल्लं. चव साधी, समुद्राची आणि मातीची. इतकी साधी चव मला इतकी मोठी कधी लागली नव्हती. शेवटचा मणी खाऊन झाल्यावर मला राहवेना. माझा स्वभावच तसा, गप्प बसवत नाही. मी विचारलं, "मग सेन्सेईंना सांगू का, की तुम्ही माफ केलंत?"

श्रीरंगने टेबलाखालून मला पाय मारला.

"नाही," होशी-सान शांतपणे म्हणाल्या. "ते मला कसं देता येईल? ते ज्यांच्या हातात होतं ते देवळात झोपलेत. वाटी पोचली, एवढं सांगा. आणि रोज वापरीन, असंही सांगा."

निघताना माझा लाडवांचा डबा कुठे दिसेना. युकिको-साननी तो आतून आणून दिला, कापडात बांधलेला, जड. "सेन्सेईंसाठी," त्या म्हणाल्या. "उघडू नका."

पुन्हा फुनाबोरी

मंगळवारी सकाळी मी सेन्सेईंच्या दारात हजर. त्यांनी मला बसही म्हटलं नाही. उंबऱ्यातच विचारलं, "घेतली?"

मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता. लाडवाचं ऐकून त्या हसल्या, देवळातलं ऐकून त्यांनी तोंडावर हात धरला. मग मी 'नाही' तेही सांगितलं. माफीचं. त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाल्या, "बरोबर आहे." पण चेहऱ्यावरून दिसत होतं, चार पिढ्यांची आशा होती ती.

मी डबा पुढे केला. त्यांनी कापड सोडलं. आत कोझुयूचं सगळं कोरडं सामान होतं, वेगवेगळ्या पुड्यांत: वाळवलेले शिंपले, काळे मशरूम, ते हलके मणी. वर एक चिठ्ठी. सेन्सेईंनी ती वाचली, मग पुन्हा वाचली आणि माझ्याकडे दिली. म्हाताऱ्या, थरथरत्या अक्षरात करायची रीत लिहिली होती. खाली दोन ओळी होत्या: 'डबा वापरून झाला की आयझूला परत पाठवा. रिकामा पाठवू नका.'

सेन्सेई किती तरी वेळ रडत होत्या. मग उठल्या, गुडघ्यांची पर्वा न करता स्टूल ओढून वरच्या कपाटात शोधायला लागल्या. यामागुचीहून भाचीने पाठवलेल्या वाळवलेल्या संत्र्याच्या साली कुठेतरी असायला हव्या होत्या. मी स्टूल धरून उभी राहिले. पोस्टाचा खोका मीच आणून दिला.

ही गोष्ट गेल्या दिवाळीची. यंदाचे लाडू मी प्लॅस्टिकच्या डब्यात भरले. आईने नाव घालून दिलेला माझा स्टीलचा डबा मला अजून परत मिळालेला नाही. मागच्या आठवड्यात तो आयझूत होता.